बिनकॅरियरची सायकल

शालूताई,

तुझ्या भावाने, मिलिंदने, आदिलाबादहून कॅरियर आणलाय. तुझ्या सायकलसाठी. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून त्याने तो ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवलाय आणि शेजारीच तुझी सायकल उभी आहे. तू गेलीस त्याला अजून महिना झाला नाही. तुझ्या मायने मला हाक मारली, उंबऱ्यापाशी बसवलं आणि म्हणाली, "तुमी दोघं याच्यावरूनच भांडत होते ना गा? मंग आता तूच सांग. लावाचा का नायी? मिलिंद रविवारी पाना घेऊन येते."

मी कुठे अडकलोय ते तुला कळलंच असेल. सायकलला कॅरियर हवाच, असं इतकी वर्षं तुझ्या दारात उभं राहून ओरडणारा मीच. आता नुसतं 'लाव' म्हटलं की मी जिंकलो. तुझ्याशी झालेला एकही वाद मी आजवर जिंकलेलो नाही. हा जिंकेन, आणि समोरून "गप रे पत्रक्या" म्हणायला तू नसशील.

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात बरेच लोक बोलले. आदर्श शिक्षिका, समाजाची लेक, कष्टाळू बहीण. सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीच तू नव्हतीस. मीही बोललो. ठरवून लिहून नेलं होतं आणि वाचताना लक्षात आलं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह आहे. माझं प्रत्येक पत्रक छापायला जाण्याआधी तू ती खोडायचीस. "इतके खिळे काऊन ठोकून राह्यला? कागद फाटंन." या वेळी खोडायला कोणी नव्हतं. सायकलबद्दल त्या दिवशी कोणी एक शब्द काढला नाही. मीही नाही.

म्हणून आता लिहितोय.

तुझी सायकल आधी गावातल्या सगळ्या सायकलींसारखीच होती. काळी, चोवीस इंची, जड. तुझ्या बापाची. सरपण, कापसाची बोचकी, दळण, रॉकेलचा डबा, तापाने फणफणलेला माणूस, असं सगळं तिच्यावरून गेलेलं. बाप गेल्यावर, शाळेवर नोकरी लागल्यावर ती तुझ्याकडे आली आणि तू पहिला काढलास तो कॅरियर. मग स्टँड. मग चेनकव्हर, मडगार्ड, डायनॅमो. चहाच्या टपरीवरून कोणीतरी ओरडलं होतं, "सायकल सोलून राह्यली काय मास्तरीण?" तू मान न वळवता म्हणालीस, "सोलल्याबिगर केळं खाता येते काय?"

तुला हे वेड कुठून लागलं ते मला माहीत आहे. शाळेत खडूचं खोकं आलं होतं, आत कुठल्यातरी रंगीत मासिकाचं पान कोंबलेलं. डोंगरातला रस्ता, वाकून बसलेले गोरे सायकलवाले, बोटाएवढ्या जाडीचे टायर. तू ते पान इस्त्री केल्यासारखं सपाट केलंस आणि घरात भिंतीला लावलंस. मला दाखवून म्हणालीस, "नीट पाह्य. येकाच्याबी मांगं कॅरियर नायी."

"ते भांडवलदारांचे खेळ आहेत ताई."

"असतीन. पन पाठ कशी हाय ते पाह्य ना. कोणाच्याच पाठीवर काई नायी."

त्यानंतर तुझं शिक्षण सुरू झालं आणि त्यात मला फुकटचा विद्यार्थी व्हावं लागलं. सायकल उलटी करून, सीट आणि हँडलवर उभी करून तू चाक हलकेच फिरवायचीस आणि मला वाट पाहायला लावायचीस. चाक मंद होत जायचं, थांबायचं, आणि मग हळूच उलटं फिरायचं. हवा भरायच्या नळीचं इवलंसं वजन त्या एवढ्या चाकाला खाली ओढायचं. चाक झुल्यासारखं हेलकावे घ्यायचं आणि शेवटी नळी बरोबर तळाशी येऊन थांबायची. "पाह्यलं? चाकातले छर्रे इतके मोकळे पायजे का येवढूशा नळीचंबी चाकानं ऐकावं." माझ्या सायकलचं चाक तू असंच फिरवून पाहिलंस. ते जिथे होतं तिथेच दगडासारखं थांबलं. "हे कोणाचंच ऐकत नायी," तू म्हणालीस. "मालकावर गेलं."

सीटचंही असंच. आपल्याकडे सगळे सीट खाली करून बसतात, दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवेत म्हणून. तू म्हणायचीस, तसं बसून गुडघे जातात आणि चढ आला की माणूस रडतो. टाच पायडलवर ठेवायची, पायडल पार खाली न्यायचं, पाय सरळ झाला पाहिजे. ते तुझं माप. सीट इतकी वर गेली की गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. साडी चेनमध्ये जाईल म्हणून हेडमास्तरांनी चेनकव्हर परत लावायला सांगितलं, तर तू दुसऱ्या दिवसापासून शेतातल्या बायांसारखा काष्टा घालून आलीस. "कव्हर साडीसाठी असते सर. साडी बदलली, सायकल काऊन बदलू?"

चांगली सायकल कोणती, असं मी एकदा तुला मुद्दाम चिडवायला विचारलं होतं. वाटलं होतं, तू वजन सांगशील, पोलाद सांगशील. तू चेनला तेल देत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "आवाज नायी करत ते. अन् आपल्या मापाची. अन् चालवता चालवता ते हाय हेच इसरून गेलो, तं समजाचं जमली."

"आणि उपयोग?"

"झाला का तुहा उपयोग सुरू."

हो, झाला सुरू. माझ्या बापाने मला अक्षरं गिरवायला शिकवलं ते पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. एका बाजूला माझा ग म भ न, दुसऱ्या बाजूला मजुरीची मागणी. वस्तू कोणाच्या कामाला येते, हा प्रश्न मला भुकेसारखा आपोआप लागतो. माझ्या सायकलच्या कॅरियरवर पत्रकांचे गठ्ठे असायचे, कधी सभेचा कर्णा, कधी दवाखान्यात न्यायची बाळंतीण. तुझी सायकल माझ्या सायकलपेक्षा दुप्पट चांगली आणि तिच्यावर एक वहीसुद्धा जात नाही, याची मला चीड होती. मी म्हणालो होतो, ही चैन आहे. आपल्या वस्तीत अजून नळ नाही आणि तू रविवारी नदीपर्यंत जाऊन हात हलवत परत येतेस.

तेव्हा तू पहिल्यांदा खरी चिडलीस. "पाणी कोण आणते रे आमच्या घरी? मीच. मिलिंदची फी, मायच्या गोळ्या, शाळेतल्या पोराहीचं दूध, जनगणनेचे कागदं, मतदानाच्या पेट्या. बाई दिसली का सगळ्याहिले जागा दिसते, ठेव हिच्यावर. माह्या आंगाले कॅरियर लावूनच जन्माले आली मी. येक वस्तू तरी बिनकॅरियरची राहू दे ना बाबू."

मी उत्तर दिलं होतं. काय दिलं ते आठवत नाही, म्हणजे ते चांगलं नसणार.

पण खरा मुद्दा मला रस्त्यावर समजला, तुझ्या तोंडून नाही.

आपल्या भागात मोकळी सायकल जोरात जाताना दिसली की शेतातली माणसं उभी राहायची. कापूस वेचणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून सरळ व्हायच्या आणि बांधावरून हाक यायची, "कोण गेलं वो?" कारण मोकळा आणि घाईत जाणारा माणूस म्हणजे मयतीचा सांगावा घेऊन निघालेला माणूस. तो ओझं घेत नाही, कोणाच्या दारात थांबत नाही, पाणी पीत नाही. पिढ्यान् पिढ्या हे काम आपल्या लोकांचं. तुझा आजा अनवाणी जायचा, गावोगावच्या पाटलांच्या सोयऱ्यांना त्यांची माणसं मेल्याचं सांगायला. तुझा बाप तरुणपणी याच सायकलवरून ते सांगावे न्यायचा. पुढे आपल्या वस्तीने ते काम सोडलं, दुसऱ्याची मयत आम्ही वाहणार नाही म्हणून, आणि त्याचं पत्रक माझ्या बापाने लिहिलं. पण लोकांच्या डोळ्यांची सवय सुटली नव्हती.

म्हणून तू पहिल्यांदा बेला गावाच्या रस्त्याने वाऱ्यासारखी निघालीस तेव्हा सगळं शिवार उभं राहिलं. मी मागे होतो, धापा टाकत, पत्रकांच्या गठ्ठ्यासकट. एक म्हातारी तर विळा टाकून रस्त्यावर आली.

"कोण गेलं वो बाई?"

"कोणी नायी गेलं मावशी. फिराले चालली."

"फिराले? येकटी? मोकळी?"

"हो."

"मंग घाबरवतं काऊन माय!"

तू ब्रेक सोडलास आणि हसत निघून गेलीस. मी मात्र म्हातारीपाशी थांबलो, तिला पत्रक दिलं, आणि तिने ते उलटसुलट करून विचारलं, "याच्यात हाय काय कोण गेलं ते?"

दर रविवारी हेच. पुढे एका मोठ्या शेतकऱ्याने शाळेत तक्रार केली, मास्तरीण सकाळी सकाळी अपशकुन करते, मजूर बाया काम सोडून उभ्या राहतात. मी रात्रीतून पत्रक लिहून आणलं. शीर्षकातच तीन उद्गारचिन्हं होती. तू ते वाचलंस, घडी केलीस आणि चाकाखाली अटकण म्हणून ठेवलंस. "माही सायकल पत्रकात नको टाकू. त्या बायाहिले सवय लागून राह्यली. लागू दे. आपलं मानूस मोकळं जाऊन राह्यलं तं कोणी मेलंच असंन, असं नसते, हे पाहू पाहूच समजंन त्याहिले."

"हे सांगावं लागतं ताई. लढून सांगावं लागतं."

"तू सांग. मी जाते."

हा वाद आपला राहूनच गेला. मला अजूनही वाटतं, सांगावं लागतं.

मंचेरियलची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोळसाखाणीतली माणसं पाळीला सायकलने जातात म्हणून तिथे सुट्या भागांची दुकानं चांगली, असं तू कुठूनतरी ऐकलंस आणि मला बसमध्ये कोंबून नेलंस. तुला वाकडं हँडल हवं होतं, मासिकातल्यासारखं. दुकानदार आधी तेलुगूत बोलला, मग तुझ्याकडे पाहून हिंदीवर आला. "अम्मा, ये रेस का हँडल है. किसके वास्ते?"

"हमारे वास्ते."

"आप क्या करते इसको?"

"पकडते," तू म्हणालीस.

दुकानातली सगळी माणसं हसली आणि दुकानदार सर्वांत जास्त. येताना बसमध्ये ते हँडल तू मांडीवर घेतलं होतंस, लेकरासारखं नाही, एखादं बक्षीस मिळाल्यासारखं. खिडकीतून साग मागे जात होता. तू म्हणालीस, "तुले खरं सांगू काय? मले कुठंच पोचाचं नसते. जाताना बरं वाटते, बस." मी काहीतरी विचारसरणीचं बोलणार होतो. तुझा चेहरा पाहून बोललो नाही. त्या एका गप्प बसण्याबद्दल मी स्वतःवर खूश आहे.

मग तुला बेज्जूरकडच्या जंगलातल्या शाळेवर पाठवलं. पावसाळाभर. चिखलाचा रस्ता म्हणून सायकल घरीच ठेवलीस आणि तिथून ताप घेऊन आलीस. दवाखान्यातलं मी लिहिणार नाही. फक्त एवढंच, की शुद्धीवर होतीस तेव्हा तू विचारलंस, "हवा भरली का?" आणि मी म्हणालो, भरली. खरंच भरली होती.

तू गेलीस ती सकाळी. तुझ्या मामाच्या गावी कळवायला हवं होतं, फोन तिथे नाही, बस दुपारची. मायने माझ्याकडे पाहिलं. मी माझी सायकल घेतली, कॅरियरवरचा गठ्ठा सोडून ओट्यावर ठेवला आणि निघालो. बेल्याच्याच रस्त्याने.

कापूस फुटला होता. दोन्ही बाजूंनी बाया होत्या. मी जोरात चाललो होतो, मोकळा, डोळे पुसत, आणि मनाची तयारी करत होतो. आता हाक येईल. आता कोणीतरी विचारेल, कोण गेलं वो, आणि मला तुझं नाव घ्यावं लागेल. माझ्या तोंडातून ते कसं बाहेर पडेल याचीच भीती होती.

कोणीच उभं राहिलं नाही, ताई.

एकीने मान वर केली, पाहिलं आणि पुन्हा वेचायला लागली. दुसरीने तेवढंही केलं नाही. सगळा रस्ता तसाच गेला. मोकळी सायकल जोरात जाते, त्यात काय? जात असेल कोणी फिरायला. तू इतकी वर्षं जाऊन जाऊन त्यांना हे शिकवलं होतंस आणि ते इतकं पक्कं झालं होतं की तुझा सांगावासुद्धा कोणाला ओळखू आला नाही. इतका एकटा मी कधीच नव्हतो. आणि इतका अभिमानही मला कधी कोणाचा वाटला नव्हता. दोन्ही एकाच पायडलवर.

शेवटी मीच उतरलो. सायकल बांधाला टेकवली, कापसाच्या ओळींमधून आत गेलो आणि त्या म्हातारीला शोधून सांगितलं. ती खाली बसली. मग म्हणाली, "मोकळी चालली का किती चांगली दिसे." बस, एवढंच. विहारातल्या सगळ्या भाषणांत मला हे ऐकू आलं नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं. आज रविवार. मिलिंद आला, पाना घेऊन.

"बोल गा. लावतो ना?"

"नको लावू."

"काऊन? तूच तं बोंबलत होता सायकलले कॅरियर पायजे, कॅरियर पायजे."

"अजूनही म्हणतो. पायजेच."

"मंग?"

"हिले नको."

मिलिंद चिडला आणि त्याचं काही चुकलं नाही. "तुमचं तत्त्वज्ञान राहू द्या. माय इथं येकटी राहते. मी हप्त्यातून येक दिवस येतो. फाट्यापासून ज्वारीचं पोतं मी काय डोक्शावर आणू? दळण कोण नेईन? तू?"

तू असतीस तर काय म्हणाली असतीस, ते मी थोडा वेळ शोधलं. सापडलं नाही. मग जे सुचलं ते बोललो. "माझी ने. माझ्या सायकलले कॅरियर हाय, मजबूत हाय. इथंच ठेव, मायच्या कामाले."

"अन् तुही पत्रकं?"

"पायी वाटीन."

"पागल हाय काय बे? चाळीस गावं पायी?"

मग मायने तो वर्तमानपत्रातला कॅरियर उचलला आणि मिलिंदच्या हातात दिला. "वापस करून दे दुकानात. लई वाह्यलं त्या सायकलनं, तुह्या बापाच्या काळापासून. आता तिले कोणी काम सांगू नका." आणि मला म्हणाली, "पन उभी नको ठेवू. उभी राह्यली का जंग चढते, शालू म्हणे. तू चालव."

चालव म्हणणं सोपं. माझे पाय तुझ्याइतके लांब नाहीत. मी टाच पायडलवर ठेवायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात लोंबकळलो. सीट खाली घ्यावी लागणार होती. तुझं या जगातलं एवढं एक माप शिल्लक होतं आणि ते मी मोडणार होतो. मायने हँडल धरलं. मी नट सैल केला. सीटचा दांडा आत गेला, फार नाही, चार बोटं. मी नट आवळला. मायने हँडल लगेच सोडलं नाही.

मग मी निघालो. झोळी घरी ठेवली होती. खिशात एक कागदसुद्धा नव्हता. गावाबाहेर येईपर्यंत मला सारखं वाटत होतं, काहीतरी विसरलोय. नंतर चढ लागला, मग उतार. सायकलचा आवाज येत नव्हता, फक्त टायरखाली बारीक गिट्टीचा. मी ती विसरलो नाही, ताई. प्रत्येक पायडलला ती तुझीच होती. मला जमली असं मी म्हणणार नाही. आणि मोकळं जाण्याने जग बदलतं, हेही मी मान्य करणार नाही. ते उत्तर मी पूर्ण तयार करून ठेवलंय, चार मुद्द्यांत. ऐकवायला आता कोणी नाही म्हणून रस्त्यालाच ऐकवत गेलो, आणि दुसऱ्या मुद्द्यानंतर दम लागला म्हणून गप्प बसलो. नदीपर्यंत गेलो. पाणी पाहिलं. फिरलो.

परत आलो तेव्हा माय ओट्यावर ज्वारी निवडत बसली होती. सुपातून मान वर न करता तिने विचारलं, "काय आनलं?"

"काई नायी."

"बरं केलं," ती म्हणाली, आणि बाजूला सरकून तिने मला बसायला जागा केली.